सभा तहकूब होऊ नये म्हणून

हिरूताई,

उद्या दुपारी सगळं सभागृह तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहणार आहे. तुझ्या बाकांवरचे, माझ्या बाकांवरचे, ज्यांनी तुला कधी धड बोलू दिलं नाही ते आणि ज्यांना तू बोलू दिलं नाहीस ते, सगळे माना खाली घालून उभे राहतील. मग महापौर घसा साफ करून म्हणतील, दिवंगत सदस्येच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात येत आहे. लोक चहाला जातील. आणि इतक्या खेपा विषयपत्रिकेच्या तळाशी राहून एकदाचा पहिल्या नंबरवर आलेला तुझा ठराव तुझ्याच श्रद्धांजलीखाली जाईल.

पालिकेच्या शाळांमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास हवामान बदल शिकवायचा, एवढाच तो ठराव. सूचक तू, अनुमोदक मी. पुढची सभा लागेपर्यंत आचारसंहिता लागलेली असेल. मग निवडणूक, नवं सभागृह, नवे चेहरे. जुने विषय कुठे जातात ते तुला मी सांगायला नको.

कुणी गेलं की सभा तहकूब करायची ही जुनी पद्धत आहे आणि ती वाईटही नाही. तिच्या आड येणं म्हणजे सुतकाच्या घरी जाऊन आज जेवायला काय आहे असं विचारण्यासारखं. पण कुणीतरी उठून म्हणायला हवं की तहकूब करू नका, आधी हा विषय घ्या. ते कुणीतरी म्हणजे मी. मला भीती वाटतेय, ताई.  तुला खरंच दुसरं कुणी सापडलं नाही का अनुमोदक करायला?

तू पहिल्याच दिवशी मला ओळखलं होतंस. मी सिल्व्हर पार्कची, मुंबईतली नोकरी सोडून निवडून आलेली, कचऱ्याच्या गाड्यांवर बोलायला उठले आणि माइक हातात येताच आवाजच गेला. नुसते ओठ हलत होते. समोरचे बाक हसायला लागले. तेव्हा त्याच समोरच्या बाकांवरून तू तुझ्याच माणसांवर ओरडलीस, "हसताव काय? पयल्यांदा बोलते बाय. तुमी काय आईच्या पोटातून भाषन करत आलात?" मग बाहेर जिन्यात मला गाठून म्हणालीस, "भित्री भागूबाई हायेस नुसती. पन उठलीस. बशी राहन्यापेक्षा बरा." त्यानंतर मी कितीही वेळा निवडून आले असते तरी तुझ्यासाठी भागूबाईच राहिले असते.

विरोधी पक्षातल्या बाईशी एवढं काय बोलता, असं माझ्या पक्षात मला विचारत. तुलाही तुझ्यात विचारत असणार. तू सांगायचीस, "ती मना मासली साफ कराला शिकवते." मला सुरी धरता येत नाही हे सगळ्या भाईंदरला ठाऊक होतं.

तुझ्या जाण्याचं मला अजून खरं वाटत नाही. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात भेटायला आले तर तू नर्सबाईला बोंबील कसे वाळवायचे ते समजावत होतीस. मी परत फिरले ते निर्धास्त. दोन दिवसांनी फोन आला. आमच्या पक्षाने सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर तुझ्या श्रद्धांजलीचा बॅनर लावलाय. तुझा फोटो कोपऱ्यात आहे आणि शोकाकुल म्हणून माझा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे. तू पाहिला असतास तर रस्त्यात उभी राहून हसली असतीस. मी मान खाली घालून पुढे जाते.

हा ठराव तुझ्या डोक्यात कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या गेटवरून. तू हळदीकुंकवाला आली होतीस, वर यायचं सोडून खालीच थांबलीस आणि बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत राहिलीस. आमच्याकडे तळमजल्याच्या भिंतींना खाली चॉकलेटी पट्टा असतो आणि वर पिवळा रंग. पुराच्या पाण्याचे डाग चॉकलेटी रंगात दिसत नाहीत, म्हणून. तू म्हणालीस, "बाय, मागल्या रंगाला हा पट्टा गुडघ्याला व्हता. आता कमरेला आला."

मी तिथे वर्षानुवर्षं राहते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खरंच, पाणी चढेल तसा आम्ही पट्टा चढवत गेलो होतो. डाग वर गेला की रंगारी पट्टा वर नेतो, बिल चुकतं होतं, दिवाळीचे कंदील लागतात, विषय संपतो. आमचे सेक्रेटरी शहाभाई सहज म्हणाले, "मॅडम, डार्क कलर में सब छुप जाता है." तू त्यांना विचारलंस, "छत तक जाएगा तो क्या करोगे? पूरा बिल्डिंग चॉकलेटी?" शहाभाई हसले. मी पण हसले. वर आल्यावर हळदीकुंकवाचं तबक हातात असताना मला एकदम थंडी वाजली होती, ते तुला बोलले नाही.

पुढच्या महिन्यात तू पालिकेच्या शाळेतली मुलं घेऊन आलीस. शिक्षिका बरोबर होत्या, परवानगी मीच काढून दिली होती. मराठी शाळेची, हिंदीची, उर्दूची, सगळी मिसळ. तू त्यांना पट्टी दिली नाहीस. म्हणालीस, भिंतीवरचा पट्टा आपापल्या अंगानं मोजा. कुणी म्हणालं माझ्या छातीपर्यंत, कुणी म्हणालं मेरे गले तक. कुणाची तरी बरोबर आलेली बालवाडीतली बहीण पट्ट्याला पाठ लावून उभी राहिली आणि तिचं डोकं चॉकलेटी रंगाच्या वर गेलंच नाही.  

संध्याकाळी शहाभाई माझ्या दारात. "मॅडम, ग्राउंड फ्लोअर के दो फ्लॅट बेचने के हैं. ये बच्चा लोग दीवार क्यों नाप रहा है? कस्टमर देखेगा तो?" त्यांचं तरी काय चुकलं, ते स्वतः तळमजल्यावर राहतात. दर पावसाळ्यात त्यांची म्हातारी आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे झोपायला जाते. त्यांना पाणी माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणूनच त्यांना ते कुणी मोजायला नको आहे.

मी तुला म्हटलं, "ताई, हे मुलांना घाबरवणं आहे." आपलं खरं भांडण तिथे सुरू झालं आणि ते मिटायच्या आत तू निघून गेलीस.

आपण जेसल पार्कला खाडीच्या काठाने चालायचो तेव्हा भांडायचो. माझं म्हणणं साधं होतं. मोठ्यांना जे निस्तरता आलं नाही ते दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर का ठेवायचं? त्यांनी खेळावं, अभ्यास करावा. समुद्र वाढणार, उन्हाळे तापणार, हे ऐकून ती करणार काय? तू म्हणायचीस, "काय करतील ते आपन कशाला ठरवाचा? आपन शिकवाचा." मी म्हणायचे, तुला पोरं कणखर वाटतात कारण तुझी पोरं होडीत वाढली. तू म्हणायचीस, "होडीत पोर रडली तर आमी गप बस म्हनत न्हाय. धर हे दोर, म्हनतो."

आणि मग तुझा तो हिशेब. तिथीची पाऊणपट. जी तिथी असेल तिला पाऊणाने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. नवमी असली तर नवाची पाऊणपट पावणेसात, म्हणजे पावणेसातला भरती. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. शाळेत तू हे फळ्यावर केलंस तेव्हा उर्दू शाळेतल्या मुलीने हात वर केला होता, "टीचर, हमारे यहाँ चाँद की तारीख होती है. वो चलेगी?" तू म्हणालीस, "एखादा दिन आगेपीछे होगा, लेकिन चलेगी. चाँद एकही है." मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्या मुलीने आपली तारीख गुणली, उत्तर फळ्यावरच्या वेळेशी जुळलं आणि तिचा चेहरा उजळला. मला आठवतंय, मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, हे ठीक आहे, पण हे काही हवामान बदल नव्हे.

ते मी तुला बोललेही. म्हटलं, "हिशेबाने वेळ कळते, ताई. उंची नाही कळत. पट्टा का चढतोय ते यात कुठे आहे?" मला वाटलं तू चिडशील. तू उलट खूश झालीस. "मंग हेच तर. वेल आमच्या आयांच्या हिशेबानं चालते, उंची न्हाय चालत आता. ती बदलली. ती का बदलली ते मना न्हाय सांगता येत, म्हनून तर मास्तर पायजेत, पुस्तक पायजे, तास पायजे. तू लिही ठरावात." आणि मी लिहिलं. भांडता भांडता मी तुझ्या ठरावाचा मसुदा करून बसले.

मिठागरं, तिवरं, खाडी, उन्हाची झळ, असं सगळं त्यात आलं. चेणे गावाच्या बाजूचे एक सदस्य म्हणाले, आमच्या डोंगराकडच्या पोरांना भरतीचं काय? तू विचारलंस, "तुमच्या नदीचा पानी कुठं जातं? आमच्याकडंच येतं ना? खाडी भरलेली असली तर ते कुठं थांबनार?" ते विचार करत खाली बसले. त्यांनी नंतर पाठिंबा दिला.

पाठिंबा सगळ्यांनीच दिला, हाच तर घोळ. आपल्या ठरावाला कुणी विरोध केला असता तर मी इतकी घाबरले नसते. विरोध करणाऱ्याशी भांडता येतं. प्रत्येक पक्षाने सांगितलं, विषय स्तुत्य आहे. त्या दिवशी तू माझ्या बाकावर येऊन बसली होतीस, मला कोपराने ढोसून विचारलंस, "स्तुत्य म्हंजे काय गो?" मी म्हटलं, "म्हणजे होणार नाही." तू इतक्या जोरात हसलीस की महापौरांनी घंटी वाजवली. मग झाडं लावताना फोटो निघाले, पर्यावरणावर भाषणं झाली, आणि ठराव दर सभेला वेळेअभावी पुढे ढकलला गेला. कुणी ‘नाही’ म्हणालं नाही. पट्ट्यावर रंग मारतात तसं त्यावर कौतुक मारत राहिले.

मी मात्र मनातून अजून पूर्ण तुझ्या बाजूला आले नव्हते. आले ती माझ्या लेकीमुळे, सानूमुळे.

तो दिवस तुला आठवत असेलच. सकाळपासून पाऊस धरून होता. तुझा फोन आला. "आज प्रतिपदा. पाऊण वाजता भरती, उधानाची. पाऊस थांबत न्हाय. तुझ्या पोरीची शाला कवा सुटते?" साडेबाराला, मी म्हटलं. तू एवढंच म्हणालीस, "आताच आन तिला." मी शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, रेड अलर्ट नहीं है, हम ऐसे बच्चे को नहीं छोड़ सकते." त्यांचा नियम होता. मी निघाले तोवर शाळा सुटली होती आणि बस सखल भागात अडकली होती. पाणी बसच्या दुसऱ्या पायरीवर होतं. मुलं खिडक्यांच्या जाळ्या धरून उभी होती, रडत नव्हती, ओरडत नव्हती.  एका माणसाने सानूला खांद्यावर घेऊन माझ्याकडे आणलं, तिचे बूट त्याच्या हातात होते.

त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती आपल्याकडे कायम भर दुपारीच येते, आणि मग मध्यरात्री. हिशेबच तसा आहे. म्हणजे सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, नेमकी त्या वेळेला. खाडी वर्षानुवर्षं शाळेच्या घंटेला येतेय आणि शाळेच्या पुस्तकात ते नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट सुरू झाली. सानू रोज दप्तर कपाटाच्या वर ठेवायला लागली. स्टुलावर चढून. बूटही वरच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी म्हटलं, अगं, इथपर्यंत पाणी येत नाही. ती म्हणाली, "माहितेय." आणि ठेवत राहिली. पाऊस असो नसो, दिवाळीपर्यंत रोज. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी तुला खाडीकाठी हे सांगितलं ते जिंकल्यासारखं सांगितलं. म्हटलं, बघ, ही आधीच एवढी भ्यालेली आहे. हिला अजून काय शिकवायचं?

 तू म्हणालीस, "तिला भीती हाय, पन कवाची हाय ते ठाऊक न्हाय. म्हनून ती रोजची हाय. कवा भ्यायचा ते शिकव तिला. मंग बाकीचे दिस पोर खेलंल."

 हार कशी मानायची, म्हणून मी पुढचं विचारलं. "आणि ताई, एक दिवस पाणी चढलं आणि उतरलंच नाही तर? ते कुठल्या तिथीत बसवशील? ते काय शिकवशील?"

तू थांबलीस. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, खोचक का होईना. तेव्हा तू खाडीकडे बघत राहिलीस. समोर तिवरांच्या बुंध्यांना पाणी लागलं होतं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "चल, घरी वाट बघत असतील."

हिरूताई, मला तुझ्या मरणापेक्षा तुझ्या त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते. तुला सांगायचं राहिलं की तो प्रश्न मला परत घ्यायचा होता. तू काहीतरी म्हणायला हवं होतंस. खोटं म्हटलं असतंस तरी मी तुझं ऐकलं असतं. किंवा कदाचित तू खोटं बोलली नाहीस म्हणूनच मी तुझ्यासाठी आज इथे लिहीत बसलेय. कळत नाही.

तुझा दहावा खाडीकाठीच झाला. तुझ्या मुलाने पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. बायका म्हणाल्या, काही इच्छा मागे राहिली नाही, सुखानं गेली. मला मात्र राग आला, तुझा. म्हटलं, एवढी घाई? ठराव पडून आहे आणि तुझी इच्छा राहिली नाही? तुझ्या मुलाने माझा चेहरा बघितला असावा. बाजूला येऊन म्हणाला, "मावशी, आई बोलायची, कावला भुकेला असंल तर शिवतो. त्याचा काय मनावर घ्यायचा न्हाय." तो तुझ्यासारखंच हसतो, ताई, ओठ दाबून.

त्याच कावळ्याची साक्ष आज आमच्या गटनेत्यांनी काढली. फोनवर आवाज अगदी मऊ होता. "मॅडम, उद्या श्रद्धांजलीचं भाषण तुम्हीच करा. तुमचं जवळचं नातं होतं. मग तहकुबी."

मी म्हटलं, "पण त्यांचा विषय पहिला आहे."

"सूचकच राहिल्या नाहीत, मॅडम."

"अनुमोदक आहे ना."

"पुढच्या सभेत घेऊ की."

"पुढची सभा आचारसंहितेनंतर."

"मग नंतर घेऊ. आणि त्यांच्या नावाने एखादा चौक करू, चांगला. ऐका, त्यांची काही इच्छा राहिली नव्हती. दहाव्याला कावळा लगेच शिवला, मीही होतो तिथे." आणि मग, "तुम्ही मध्येच उभ्या राहिलात तर लोक काय म्हणतील? बाईला मेलेल्या माणसाचंही काही नाही. तुमच्या वॉर्डातले तळमजलेवाले तसेही नाराज आहेत. तिकिटाचं ठरायचंय अजून. मी आपला तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच भल्याचं सांगत होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं तिकीट होतं. माझ्याही होतं. मी लबाडी कशाला करू, मला पुन्हा निवडून यायचंय. मला घरी बसायची भीती वाटते. शहाभाई गेटवर पाठ फिरवतील याची भीती वाटते. भरल्या सभागृहात कुणीतरी "लाज नाही वाटत?" म्हणेल आणि माझा आवाज पुन्हा जाईल, नुसते ओठ हलतील, याची तर फारच. आणि या वेळेला समोरच्या बाकावर ओरडणारी तू नसशील.

सभागृहाच्या सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "महापौरांनी परवानगी दिली तर अनुमोदक विषय मांडू शकतात. पण मॅडम, असं आजवर कुणी केलेलं नाही." ते तर मलाही माहीत होतं.

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगते. तुझ्या दहाव्याहून घरी आले त्या दिवशी अष्टमी होती. सानू स्टुलावर चढून दप्तर वर ठेवत होती. मी तिला खाली बोलावलं आणि कॅलेंडर काढलं. तुझी पाऊणपट शिकवली. आठाची पाऊणपट सहा. तिने दोनदा केलं. मग तुझं उधाण सांगितलं, भांग सांगितली, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला भरती कशी लहान असते ते. तिने विचारलं, "म्हणजे आज नाही?" मी म्हटलं, आज नाही. तिने परत विचारलं, "नक्की?" माझ्या तोंडात आलं होतं नक्की, पण तू आठवलीस. मी म्हटलं, "पाऊस फार झाला तर रस्त्यावर पाणी साचेल, पण खाडी आज आपल्यावर येणार नाही."  मग स्टूल सरकवून तिने दप्तर खाली काढलं आणि पलंगाशेजारी ठेवलं. बूट दारात ठेवले. भर पावसाळ्यात, तो प्रसंग घडल्यापासून पहिल्यांदा. आणि खाली खेळायला गेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला फोन करावा म्हणून हातात मोबाइलही घेतला होता.

दप्तर आठवडाभर खाली होतं. तिने आपणहून विचारलं, समुद्र का वाढतोय, पट्टा का चढतोय, बर्फ कुठलं वितळतंय, गरम का होतंय. मला थोडं सांगता आलं, बरंचसं नाही. ती म्हणाली, "शाळेत शिकवत नाहीत का?" मी म्हटलं, अजून नाही. मग तिने तोच प्रश्न विचारला जो मी तुला विचारला होता. "आणि पाणी उतरलंच नाही तर?" माझ्याच पोटची पोर. मी तुझ्यासारखी गप्प बसले. पण ती घाबरली नाही. म्हणाली, "तुला माहीत नसेल तर माहीत असणाऱ्यांना विचारू." ताई, खाडीकाठी आपल्या दोघींना एवढं साधं सुचलं नव्हतं.

आज सकाळी ती पुन्हा स्टुलावर चढली. मला वाटलं, सगळं परत पहिल्यासारखं. मी विचारलं, काय गं? ती अगदी सहज म्हणाली, "आज प्रतिपदा, उद्या द्वितीया. उधाण आहे. पंचमीला खाली काढते." दप्तर वर ठेवलं, बूट वर ठेवले, हात झटकले आणि पोळी खायला बसली.

तू म्हणालेलं सगळंच्या सगळं माझ्यासमोर बसून पोळी खात होतं आणि मी बघत होते. भीती गेलेली नाही तिची. ती जाणार नाही, आणि जाऊ नये. पण आता तिला तिचे दिवस आहेत. माझ्या पोरीला हे मिळालं कारण तिच्या आईची तुझ्याशी ओळख होती. गळ्यापर्यंत पट्टा मोजणाऱ्या त्या मुलांना मिळेल ते फक्त ठरावाने.

उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. सभा एकला सुरू होते. शोकप्रस्ताव वाचतील, भाषणं होतील, तुझ्याबद्दल स्तुत्य स्तुत्य बोलतील. आपण दोन मिनिटं उभे राहू तेव्हा बाहेर खाडी भरत आलेली असेल, आणि सकाळची शाळा सुटून पोरं रस्त्यावर असतील.

मी भाषणाची तयारी केलेली नाही. एकच वाक्य पाठ करतेय. तेही सारखं विसरतेय. साडी कुठली नेसायची ते ठरवलं, मोठ्या निऱ्यांची, पाय कापतात ते दिसू नये म्हणून. हसू नकोस.

कवा भ्यायचं ते मला आता ठाऊक आहे, ताई. उद्या, दीडच्या सुमाराला.

दोन मिनिटं झाली की सगळे खाली बसतील. मी उभीच राहीन.

तुझी,
भागूबाई